सरकारी दाराची कडी

सरकारदरबारचे उंबरठे झिजवणे हा वाक्प्रचार ज्याने मराठीत रूढ केला, त्याने कचेरीच्या दाराकडे फक्त खालच्या अंगाने पाहिले असावे. पाय उंबरठा झिजवतात हे खरे. पण हात काय झिजवतात? हात झिजवतात ती कडी, तो कोयंडा, ती पितळी मूठ. एखाद्या जुन्या तहसिलीच्या दारावरची मूठ निरखून पाहा. माथ्यावर ती सोन्यासारखी चकाकते आणि बुडाशी काळी असते. तिला कोणी मुद्दाम घासलेले नसते. वसुलीचा भरणा घेऊन आलेला पाटील, तगाईसाठी आलेला कुणबी, जामिनासाठी धावत आलेला बाप, टपालाचा गठ्ठा सांभाळणारा चपराशी या साऱ्यांच्या तळव्यांनी ती उजळलेली असते. इमारतीच्या छताला कोणाचा हात लागत नाही, भिंतीला क्वचित लागतो. दाराची मूठ मात्र आल्यागेल्या प्रत्येकाच्या हातात येते.

आणि दुरुस्तीची वेळ आली की पहिला बळी जातो तो तिचाच. जुनी इमारत पाडायची म्हटली तर गावातली चार माणसे ओरड करतात, वर्तमानपत्रात पत्रे लिहितात. बिजागऱ्यांसाठी कोण पत्र लिहिणार? ठेकेदाराचा माणूस येतो, जुनी पितळ वजनावर भंगारात जाते, तिच्या जागी ॲल्युमिनियमची हलकीफुलकी कडी बसते, वर तैलरंगाचा एक हात फिरतो आणि इमारत ‘नवी’ होते. अशा दारांना चोरांपेक्षा नूतनीकरणाचे भय अधिक, असे माझे मत आहे.

पण नुकसान नेमके कशाचे होते, हे कळायला दाराचा इतिहास थोडा मागून पाहिला पाहिजे.

आपल्या जुन्या दारांना बहुधा बिजागरी नसे. कवाडाच्या एका कडेला वर आणि खाली खुंट काढलेला असे. खालचा उंबरठ्याच्या खळगीत आणि वरचा चौकटीच्या भोकात फिरे. सारे वजन खालच्या खुंटावर. म्हणून ती दारे उघडताना करकरत, आणि त्या करकरीने घरातल्यांना पाहुण्याची वर्दी आपोआप मिळे. आतून आडवा अडसर, बाहेरून कडी-कोयंडा, झाला बंदोबस्त! मोठ्या वाड्यांच्या दाराची गोष्ट वेगळी. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. १७३० साली पहिल्या बाजीरावाने वाड्याचा पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली आणि त्या वेळचा खर्च १६,११० रुपये इतका सांगतात. त्या दरवाजावर ७२ अणकुचीदार खिळे आहेत, एकेक सुमारे १२ इंच लांब. ते शोभेसाठी नव्हेत. दार फोडायला हत्ती आणला तर त्याच्या मस्तकात घुसावेत, अशा बेताच्या उंचीवर ते ठोकलेले आहेत. आणि त्याच प्रचंड कवाडात एक लहानशी दिंडी, म्हणजे शांततेच्या दिवसांत एकेका माणसाने वाकून आत यावे. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि आतले लाकडी दिवाणखाने राख झाले. दरवाजा मात्र राहिला. पेशव्यांचे महाल कसे होते याची कल्पनाच करावी लागते. पण पेशव्यांना भय कशाचे वाटे, हे त्या खिळ्यांवरून आजही वाचता येते. लोखंड असे बोलके असते.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दाराचे लोखंड-पितळ निराळी हकीकत सांगते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६४ साली आमचा भाग वेगळा जिल्हा झाला. काही काळ तो ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जाई, मुख्य ठाणे मात्र यवतमाळला. ‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव पडले १९०५ साली. जिल्हा झाला म्हणजे कचेरी आली, तिजोरी आली, तुरुंग आला, शाळा आली, दवाखाना आला. आणि या प्रत्येकाला दारे आली. वाड्याचे दार धन्याचे असते. हे दार कोणाचेच नव्हते, आणि म्हणून सर्वांचे होते. असे दार या मुलखाला नवे होते.

सागवानाला तोटा नव्हता. या टापूतले सागवान आजही नावाजलेले आहे. २०२३ साली दिल्लीत उघडलेल्या नव्या संसदभवनाचे सागवानही नागपूरहून गेले. पण मळसूत्री खिळे, ओतीव बिजागऱ्या आणि चौकटीत बसणारी कुलपे येत ती सातासमुद्रांपलीकडून. मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली पोचली. यवतमाळला सर्वांत जवळचे स्टेशन धामणगाव, तिथून २९ मैलांची सडक. म्हणजे इंग्लंडात ओतलेली बिजागरी बोटीतून, आगगाडीतून आणि शेवटी बैलगाडीतून हिंदकळत यवतमाळला यायची आणि इथल्या सुताराच्या हातून इथल्याच सागाला जडायची. त्या काळच्या कचेरीचे एक दार म्हणजे अशा दोन मुलखांची सोयरीक आहे. या सोयरिकीत वरपक्ष कोण आणि वधूपक्ष कोण हे वाचकांनी ठरवावे. मानपान कोणाला मिळाला हे सांगायला नकोच.

कुलपाची कथा तर त्याहून सुरस. १८१७ साली इंग्लंडात पोर्टस्मथच्या गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. फक्त आपल्याच किल्लीने उघडेल असे कुलूप करणाऱ्याला सरकारने इनाम लावले, आणि १८१८ साली जेरेमाया चब याने ते पटकावले. त्याच्या कुलपात पितळी पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असत. आपण आज त्यांना ‘लिव्हर’ म्हणतो. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमकी हवी तेवढीच उचलतो, तेव्हा कुलपाची जीभ सरकते. पट्टी कमी उचलली तर कुलूप उघडत नाही. पण कोणी परकी किल्ली घालून एखादी पट्टी जास्त उचलली, की ती अडकून बसे. मग धन्याची खरी किल्लीही चालेना, आणि आपल्या मागे कोणी हात मारला हे धन्याला तिथल्या तिथे समजे. चोरी टाळणारे आणि वर चहाडी करणारे कुलूप! पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने हेही कुलूप पंचवीसएक मिनिटांत उघडून दाखवले, आणि चहाडखोराची थोडी नाचक्की झाली. असो.

सगळेच मात्र विलायती नव्हते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८६६ च्या सुमारास तीन कार्यशाळा निघाल्या. एक चित्रांची, एक मूर्तिकामाची आणि तिसरी खास घडीव लोखंडाच्या नक्षीकामाची. या शाळेतल्या विद्यार्थ्यांचे काम बोरीबंदरच्या टोलेजंग स्टेशनावर आहे. ते १८७८ ते १८८७ या काळात उभे राहिले. आणि १८९७ साली आर्देशर गोदरेज यांनी लालबागेत एका लहान जागेत कुलपे करायला घेतली. विलायती कुलपाला देशी कुलूप तोडीस तोड उभे राहिले ते तिथून. एखाद्या जुन्या कचेरीच्या दोन खोल्यांची दोन कुलपे शेजारी ठेवली, तर स्वदेशीचा इतिहास त्या दोहोंच्या मधल्या भिंतीत असतो. ती काढून दोन्हींकडे एकसारखा नवा माल बसवला की तो इतिहास गेला.

आता दुरुस्तीविषयी. हे काम अवघड आहे असे ठेकेदार सांगतात. माझ्या मते ते चेंगट आहे, अवघड नाही. दार काढण्यापूर्वी प्रत्येक बिजागरीला, प्रत्येक कडीला नंबर पडला पाहिजे, कारण शंभर वर्षे एका चौकटीत झिजलेली बिजागरी दुसऱ्या चौकटीत नीट बसत नाही. मग रंगाचे थर उतरवायचे. खाली काय आहे ते आधी ओळखायचे. घडीव लोखंड वाकले तर लोहार तापवून, ठोकून ते सरळ करतो. बिडाच्या तुकड्यावर हातोडा मारला तर त्याचे दोन तुकडे होतात. स्क्रूसुद्धा फेकायचे नाहीत. टोकदार स्क्रूचे पेटंट अमेरिकेत १८४६ साली निघाले. त्याआधीचे स्क्रू बोथट नाकाचे असत. एवढ्याशा नाकावरून दाराच्या वयाचा अंदाज लागतो. हरवलेल्या किल्लीसाठी कुलूप टाकून देणे हा तर शुद्ध आळस. कुलूप उघडले की आतल्या पट्ट्या दिसतात, आणि त्यांच्या मापाने जाणता कारागीर कानशीने नवी किल्ली घडवतो.

जी वस्तू हरवलीच, ती नवी ओतावी लागते. इथे एक गंमत आहे. शिल्लक राहिलेली जुनी कडी ओताऱ्याकडे दिली आणि तिच्यावरूनच साचा केला, तर नवी कडी किंचित लहान होते, कारण पितळ निवताना आकसते. शंभर मिलिमीटरला सुमारे दीड मिलिमीटर. डोळ्यांना ते दिसत नाही, पण कोयंड्यात कडी खडखडते. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो.

आणि नवे ते नवे म्हणून कळले पाहिजे. १८४२ साली लॉर्ड एलेनबरो या गव्हर्नर जनरलाने गझनीहून महमूदाच्या थडग्याची दारे उचलून आणवली आणि ही सोमनाथाचीच चंदनी दारे, असा जाहीरनामा काढून मोठा गाजावाजा केला. पुढे निघाले ते देवदाराचे लाकूड आणि तिकडचीच कारागिरी! सोमनाथाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ती दारे आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिली. या प्रकाराने शहाणे झालेल्या पुढच्या पिढीत जॉन मार्शल यांनी १९२३ साली पुरातत्त्व खात्यासाठी जतनाची नियमपुस्तिका लिहिली. तिचा रोख असा की नवे करून मढवण्यापेक्षा जुने, मोडके का होईना, राखावे. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेनेही तेच धरले: जिथे अंदाज सुरू होतो, तिथे पुनर्रचना थांबली पाहिजे. नव्या कडीच्या पाठीवर साल कोरले की झाले; समोरून शोभा बिघडत नाही आणि उद्याच्या अभ्यासकाची फसगतही होत नाही.

जुने ते सारे मात्र परत बसवू नये, हेही बोलले पाहिजे. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, आणि ५९ माणसे गुदमरून गेली. सणाच्या अंकात ही आठवण नको होती. पण शाळेत रोज मुले कोंबून बसवणाऱ्याला ती टाळता येत नाही. बाहेरून लागणारी जड कडी कितीही देखणी असली तरी गर्दीच्या दालनाच्या दाराला ती चालू ठेवू नये. दारावर राहू द्यावी, पण मुकी करून. तीच गोष्ट गोल मुठीची. सांधे धरलेल्या म्हातारीला ती फिरवता येत नाही. शेजारी एक दांडीची मूठ बसवावी. सरकारी दार तिचेही आहे.

राहिला कायदा. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा यादीत नोंदलेल्या वास्तूंना संरक्षण देतो. तालुक्याच्या गावची जुनी कचेरी, विश्रामगृह, शाळा बहुधा त्या यादीत नसते. तिथे सारे काही त्या त्या अभियंत्यावर आणि त्याच्या हाताखालच्या मिस्त्रीवर अवलंबून. अंदाजपत्रकात ‘जुने काढून नवे बसवणे’ याऐवजी ‘जुने काढून, साफ करून, तेच बसवणे’ एवढी ओळ घालायला नवा कायदा लागत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत घरोघर पितळ चिंचेने घासले जाते. घरची समई खुशाल घासा. पण जुन्या दाराची कडी असेल तर आधी भिंग घेऊन पाहा. करणाऱ्याचे नाव तिथे बारीक अक्षरांत असते, आणि ते चिंचेने व राखेने दरवर्षी थोडे थोडे पुसले जाते. कोरड्या फडक्याने पुसावी, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा. माथ्यावरचा उजाळा हातांनीच येतो.