बाटलीतले दोन बेडूक

मंडळी, सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढवायला किती खेटे घालावे लागतात, ते तुम्हांला ठाऊक आहेच. पण झाडावर राहणाऱ्या एका बेडकाच्या नावाचा घोळ निस्तरायला तब्बल १४० वर्षे लागली.

थॉमस जर्डन हा मद्रासच्या फौजेतला डॉक्टर. पण त्याचा सारा जीव पशुपक्ष्यांत. आपल्या आंबोलीला पावसाळ्यात दिसणारा हिरवागार मलबारी उडता बेडूक आहे ना, त्याचे शास्त्रीय वर्णन १८७० साली ह्यानेच केले. दार्जिलिंगकडे त्याला आणखी एक झाडबेडूक मिळाला. त्याचे दोन नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. १८७२ साली जर्डन वारला. १८७६ साली गुंथर ह्या पंडिताने त्या बेडकाला ‘पॉलिपेडेटिस जर्डनाय’ असे नाव दिले. ह्यातला पहिला शब्द म्हणजे आडनाव समजा. दुसरा खास त्या जातीचा.

पुढे हा बेडूक कोणाला दिसेचना! नामशेष झाला, असेच पुष्कळांना वाटले. शिवाय बाटलीतल्या बेडकाचा रंग उडतो, तो ओरडत नाही, त्याची पिल्ले दिसत नाहीत. मग त्याचे घराणे ठरवायचे कशावरून? अभ्यासकांनी त्याला वेगवेगळ्या आडनावांखाली बसवून पाहिले, एवढेच.

२००७ साली डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांचे सहकारी ईशान्य भारतात हिंडत असताना तो जिवंत सापडला. आणि कुठे म्हणता? उंच झाडाच्या ढोलीत! ढोलीत साचलेल्या पाण्याच्या वर, आतल्या भिंतीला मादी अंडी चिकटवते. पिल्ले पाण्यात पडली, की ती पुन्हा येऊन न फळलेली अंडी त्यांना खायला घालते. बेडकीची ही माया शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी.

पिल्लांची ठेवण आणि आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर हे घराणेच निराळे ठरले. जानेवारी २०१६ मध्ये बिजूंनी त्याला ‘फ्रँकिक्सालस’ हे नाव सुचवले, ते ब्रुसेल्सच्या आपल्या गुरूंच्या, फ्रँकी बॉस्युट यांच्या नावावरून. पण त्याच महिन्यात, थोडे अगोदर, चिनी शास्त्रज्ञांनी तिबेटातल्या मेडोग भागातल्या एका बेडकासाठी ‘नासुटिक्सालस’ हे नाव छापले होते. दोन्ही घराणी एकच निघाली! प्राणिशास्त्राचा कायदा असा, की आधी छापले ते नाव खरे. म्हणून आज आपला बेडूक ‘नासुटिक्सालस जर्डनाय’ म्हणून ओळखला जातो. गुरूचे नाव मागे पडले. जर्डनचे मात्र १८७६ पासून आहे तिथेच आहे.