मोटेचं कातडं, तरवडाची साल

नवरात्राच्या तोंडावर हिंगोली जिल्ह्यातल्या माळांवर तरवड फुलतो. कयाधू आणि पूर्णेच्या काठची काळी जमीन तेव्हा हळद-कापसाने भरलेली असते. चढावरच्या मुरमाड, रेताड जमिनीत मात्र पीक जीव धरत नाही, आणि तिथेच हे पिवळंधमक झुडूप डोलत असतं. त्याला कुणी पेरत नाही, पाणी घालत नाही. मुळं खोल जातात. बुंध्यापासून तोडला तरी खालून नवे धुमारे येतात. गुरं-शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चरून उजाड झालेल्या माळावरही तो उभा असतो. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी गोल उपपर्णं असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्याला नाव दिलं, त्यातल्या ‘ऑरिक्युलाटा’चा अर्थ ‘कानवाला’ असाच आहे.

घटावर माळ बांधायला ही फुलं लागतात, त्यामुळे तरवड घरोघरी ओळखीचा आहे. या मुलखाला त्याने खरं पोसलं ते फुलाने नव्हे, सालीने.

तरवडाच्या सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन असतं. ओलं कातडं तसंच ठेवलं तर दोन-चार दिवसांत कुजतं. टॅनिन त्याच्या तंतूंना घट्ट बांधून ठेवतं आणि मग ते पाण्यातही टिकतं. कातडं कमावण्याचं हे काम मराठवाड्यात ढोर समाजाकडे होतं. आधी कातडं चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, केस आणि मांस खरवडून काढायचं, चुना धुऊन टाकायचा. मग कुटलेल्या सालीच्या पाण्यात ते दिवसेंदिवस फिरवत ठेवायचं. एक जुनी रीत अशी होती, की कातड्याचीच पिशवी शिवून त्यात सालीचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी झिरपून खाली येई, ते पुन्हा वरून ओतायचं. कुठे तरवड, कुठे बाभळीची साल, शेवटी हिरड्याचा हात. तरवडाचं कातडं उजेडात तांबूस पडतं. हिरड्याने ते फिकं पिवळं राहतं, हे ज्ञान पुस्तकाबाहेरचं होतं.

या कातड्याची सर्वांत मोठी वस्तू म्हणजे विहिरीतून पाणी उपसणारी मोट. विहिरीवर लाकडी चाक, मोटेच्या तोंडाला जाड नाडा, खालच्या सोंडेला बारीक दोर, म्हणजे सोल. बैल धावेवरून उताराला गेले की मोट वर येई, सोंड थारोळ्यात पडे आणि पाणी आपोआप पाटाला लागे. पंप येण्याआधी विहिरीखालची बागायत म्हणजे मोटेचीच बागायत. नाडा मातंगांनी वळायचा, कातडं ढोरांनी कमवायचं, फाटलं की ठिगळ लावायला पुन्हा कातडंच.

या मोटेचं पाणी वर्षानुवर्षं गावाच्या मळ्यांत फिरलं. त्या पाण्याला कातड्याचा विटाळ कधी झाला नाही. ते कातडं कमावणाऱ्या माणसांना मात्र गावच्या पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता. मोटेविषयी जिव्हाळ्याने लिहिताना ही गोष्ट गाळणं हा अन्याय आहे. याच ढोर समाजाचे ढोहर कक्कय्या १२ व्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मानाने बसत होते. ते कल्याण आणि हिंगोली पुढे निजामाच्या एकाच राज्यात आले.

निजामाच्या काळात हिंगोली लष्करी छावणी होती. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं शहरात आजही आहेत. खोगीर, लगाम, बूट, पखाल, सगळीकडे कातडंच लागे. तिकडे मद्रासच्या चर्मोद्योगाचा तर तरवडाच्या सालीवर पायाच उभा होता, आणि हैदराबाद संस्थानातूनही ती साल बाहेर जात असे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बुटांना लागलेलं बरंचसं कातडं मद्रासकडून गेलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतली वॅटल झाडाची साल आली, क्रोमने कमावण्याची पद्धत पसरली, आणि तरवडाची मागणी ओसरत गेली.

गावात मोट टिकली ती आणखी काही काळ. आधी पत्र्याची मोट आली, मग डिझेल इंजिन, मग विजेची मोटर. मोट थांबली तशी गावातली कातडं कमावण्याची कुंडंही कोरडी पडली. सालीसाठी माळावर कुऱ्हाड घेऊन जाणारं कुणी उरलं नाही.

जुन्या हैदराबाद राज्याच्या दुसऱ्या टोकाला याच झुडपाचं नशीब निराळं निघालं. तेलंगणात ते ‘तंगेडु’. बतुकम्मा सणाच्या फुलांच्या उतरंडीत त्याला मानाची जागा असते, आणि राज्य झालं त्याच वर्षी, २०१४ साली, ते राज्यफूल ठरलं. दोन्हीकडे फुलण्याचा हंगाम एकच. हिंगोलीत रामलीला मैदानावर दसऱ्याची गर्दी जमते, तेव्हा घटावर चढलेली तरवडाची माळ सुकत आलेली असते. आणि शिवारातल्या एखाद्या बुजत चाललेल्या विहिरीच्या काठावर, नाड्याने घासून खोल खाचा पडलेल्या दगडाशेजारी, तो अजून फुललेला असतो.