चेताशिखा पेशींचा उगम

चेताशिखा (न्यूरल क्रेस्ट) पेशी : पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात चेतानलिका मिटत असताना तिच्या कडांवर तयार होणाऱ्या आणि तेथून सुटून शरीरभर पसरणाऱ्या पेशी. चेहऱ्याची व जबड्याची हाडे, कल्ल्यांच्या कमानींतील कूर्चा, दातांमधील दंतिन, त्वचेतील रंगपेशी, आतड्याच्या भित्तीतील चेतापेशी आणि अधिवृक्क ग्रंथीचा गाभा त्यांच्यापासून घडतो. हाडे व कूर्चा एरवी मध्यस्तरातून तयार होतात. या पेशी मात्र बाह्यस्तरातल्या असूनही ते काम करतात. त्यामुळे काही जीववैज्ञानिक त्यांना चौथा जननस्तर मानतात.

शोध : विल्हेल्म हिस यांनी 1868 मध्ये कोंबडीच्या भ्रूणात या पेशींचा पट्टा प्रथम नोंदवला. डोक्यातील कूर्चा बाह्यस्तरातून येते, असे ज्युलिया प्लॅट यांनी 1893 मध्ये नेक्ट्युरस या उभयचराच्या अभ्यासावरून मांडले. जननस्तरांच्या तत्कालीन सिद्धांताला ते छेद देणारे असल्याने त्याला कडाडून विरोध झाला. निकोल ल द्वारँ यांनी 1969 पासून लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात रोपल्या. लाव्याच्या पेशीकेंद्रकाची ठेवण वेगळी असल्याने रोपलेली पेशी कोठे जाते व तिचे काय होते, याचा माग काढता आला.

नव्या डोक्याची संकल्पना : कार्ल गान्स व ग्लेन नॉर्थकट यांनी 1983 मध्ये असे सुचवले, की पृष्ठवंशींच्या पूर्वजांनी पाणी गाळून अन्न मिळवण्याची रीत सोडून भक्ष्य शोधण्याची रीत धरली. या बदलात डोक्याचा पुढचा भाग नव्याने घडला आणि त्याची बरीचशी सामग्री चेताशिखेने पुरवली. पृष्ठवंशींचा कणाहीन आप्त असलेल्या आणि गाळून खाणाऱ्या अँफिऑक्ससमध्ये चेताशिखा नाही, ही बाब या मांडणीशी जुळते.

पूर्वतयारी : चेताशिखा एकाएकी अवतरली नाही. अँफिऑक्ससच्या चेतापट्टाच्या (वळून चेतानलिका बनणाऱ्या थराच्या) कडेला पॅक्स3/7, एमएसएक्स व स्नेल ही चेताशिखेशी संबंधित जनुके कार्यरत असतात. फॉक्सडी व सॉक्सई ही जनुकेही त्याच्याकडे आहेत, पण त्यांचे काम शरीरात अन्यत्र चालते. पृष्ठवंशींच्या आरंभकाळी जनुकसंचाचे द्विगुणन झाले. जादा प्रतींपैकी काही या कडेवर नव्या कामाला लागल्या, असे मानले जाते.

ट्युनिकेट हे पृष्ठवंशींचे सर्वांत जवळचे जिवंत आप्त आहेत. त्यांपैकी सायोना या प्राण्याच्या भ्रूणात चेतापट्टाच्या कडेवरील काही पेशींपासून रंगपेशी होतात, मात्र त्या दूर स्थलांतर करत नाहीत. त्यांत ट्विस्ट हे जनुक कृत्रिमरीत्या चालू केल्यावर त्या जागा सोडून फिरू लागल्या (2012). सायोनाच्या शेपटीतील द्विध्रुवी चेतापेशीही याच कडेतून निघून पुढे सरकतात व संवेदना वाहून नेतात (2015). म्हणजे रंगपेशी व संवेदी चेतापेशी घडवण्याची क्षमता आधीची असून दूरवरचे स्थलांतर आणि कूर्चानिर्मिती यांची जोड नंतर मिळाली असावी.

जबडाहीन मासे : लॅम्प्रीत चेताशिखा असून तिच्या जनुकीय जाळ्याचा मूळ सांगाडा जबडा असलेल्या प्राण्यांसारखाच आहे (2007). हॅगफिशच्या भ्रूणातही याच वर्षी स्थलांतर करणाऱ्या चेताशिखा पेशी आढळल्या. तथापि जबडाधारींच्या डोक्यातील चेताशिखेत आरंभीच चालणारी अनेक जनुके लॅम्प्रीच्या चेताशिखेत त्या टप्प्यावर दिसत नाहीत (2019); ती पुढे एकेक करून जोडली गेली असावीत. चेताशिखेपासून घडणाऱ्या अनुकंपी चेतापेशी लॅम्प्रीत नाहीत, असा दीर्घकाळ समज होता. त्या तिच्यात असल्याचे 2024 मध्ये दिसून आले.

जीवाश्म : या पेशी स्वतः अश्मीभूत होत नाहीत, त्यांनी घडवलेल्या अवयवांवरून अंदाज बांधावा लागतो. चीनच्या युन्नान प्रांतातील चेंगजिआंग येथील सुमारे 51.8 कोटी वर्षांपूर्वीच्या हायकोइक्थिस या जबडाहीन प्राण्यात वेगळे डोके व कल्ल्यांच्या कमानी दिसतात. त्यावरून कँब्रियन कालखंडाच्या पूर्वार्धातच चेताशिखा कार्यरत असावी, असे अनुमान काढले जाते.

वादाचा मुद्दा : इतक्या विविध ऊती घडवण्याची क्षमता या पेशींत येते कोठून, यावर एकमत नाही. बेडकाच्या भ्रूणावरील 2015 च्या अभ्यासानुसार भ्रूणाच्या अगदी आरंभीच्या पेशींची बहुक्षमता चेताशिखा पेशी टिकवून धरतात. उंदरावरील 2021 च्या अभ्यासानुसार ती आधी ओसरते आणि ऑक्ट4 हे जनुक पुन्हा चालू झाल्यावर परत येते. पहिल्या मतानुसार पृष्ठवंशींनी जुनी क्षमता फक्त लांबवली, तर दुसऱ्यानुसार तिला नव्या जागी जागे करण्याची यंत्रणा त्यांच्यात उत्क्रांत झाली.