लोखंडी दातांची गोष्ट

सप्टेंबर १९५४. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात गोरबल्स नावाची कामगारवस्ती आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत एका संध्याकाळी शेकडो मुलं घुसली. कुणाच्या हातात टोक काढलेली काठी, कुणी घरातली सुरी उचलून आणलेली, काहींच्या सोबत कुत्री. सगळ्यात लहान पोर चार वर्षांचं, मोठी पोरं चौदाची. ती एका रक्तपिपासू भुताला शोधायला आली होती. भूत सात फूट उंच, लोखंडी दातांचं, आणि वस्तीतली दोन पोरं त्याने खाल्लेली. दफनभूमीच्या पाठीमागेच लोखंडाचा कारखाना होता. भट्टी पेटली की आभाळ लाल व्हायचं आणि थडग्यांमधून धूर सरकायचा. पोलीस आला, शाळेचे मुख्याध्यापक येऊन रागावले, पाऊस लागला, तेव्हा कुठे मुलं घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. वस्तीतलं एकही मूल प्रत्यक्षात हरवलेलं नव्हतं.

माझा जीव या पोरांवर जडलेला आहे. मी चाळीस वर्षं भयकथा वाचते आहे आणि त्यातली मुलं बहुतेक वेळा पळतात. ही पळाली नाहीत. आपल्यातली दोन पोरं गेली, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती काठ्या घेऊन निघाली.

मोठ्यांनी मात्र दुसऱ्याच भुताचा माग काढला. अमेरिकेतून येणाऱ्या भयकथांच्या कॉमिक्सने मुलांची डोकी बिघडवली, असं ठरलं. शिक्षकांची संघटना, धर्मगुरू आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं, या एका मुद्द्यावर एकत्र आली. १९५५ साली ब्रिटिश संसदेने मुलांना घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. पुढे अभ्यासकांनी त्या काळातली कॉमिक्स उलटून पाहिली, तर लोखंडी दातांचं भूत त्यांत सापडेना. सापडलं ते बायबलच्या दानिएलाच्या पुस्तकात, आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एका स्कॉटिश कवितेत. तिथे लोखंडी दातांची जेनी न झोपणाऱ्या पोरांना न्यायला येते.

ब्रिटनच्या पाठोपाठ १९५६ मध्ये भारतानेही त्याच धर्तीचा कायदा केला. तो आमच्या मिरजेत कुणी वाचला असेल असं वाटत नाही, पण त्यामागची धास्ती आमच्या दुकानापर्यंत पोचलेली होती. माझ्या वडिलांचं छोटं वाचनालय होतं. खाकी कव्हरं, पाठीवर निळ्या शाईत नंबर, मागच्या पानावर तारखांचे शिक्के. भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं कपाटात कधी टिकायचीच नाहीत. ती परत आली की वडील पहिल्यांदा त्यांची कड बघत. पुस्तक मिटलेलं धरलं की पानांच्या कडेवर एका जागी अंगठ्याचा मळ दाट दिसायचा. वाचणाऱ्यांनी तिथे पुस्तक मिटलेलं असायचं, अंगठा आत ठेवून. मग श्वास घ्यायचा, घरातले आवाज ऐकायचे, आणि पुन्हा उघडायचं. त्यांच्या ‘लुचाई’च्या आमच्या प्रतीला ती काळी रेघ इतकी ठळक होती की वडील तिथे बोट ठेवून म्हणायचे, “इथं सगळ्यांचे पाय गार पडतात.”

एकदा एक बाई मुलाला दंडाला धरून घेऊन आल्या. तीन रात्री पोरगं झोपलं नव्हतं. असली पुस्तकं ठेवता, लाज वाटत नाही का, असं त्या सगळ्यांसमोर बोलल्या. वडिलांनी ऐकून घेतलं. मग काउंटरच्या बाहेर आले, पोराच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि विचारलं, “कुठपर्यंत वाचलंस? पुढचं सांगू?” आणि तिथल्या तिथे शेवटपर्यंत गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात तो मुलगा एकटा आला आणि धारपच घेऊन गेला. भीतीला शेवट असतो आणि पुस्तक आपल्या हातात मिटतं, हे मी त्या दिवशी शिकले.

गोरबल्सच्या मुलांनी काठ्या उचलल्या त्याच वर्षी, २१ एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर विल्यम गेन्स नावाचा ३२ वर्षांचा प्रकाशक बसला होता. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ काढणाऱ्या ईसी कॉमिक्सचा हा मालक. सुनावणी टीव्हीवर दाखवली जात होती. सिनेटर केफॉव्हर यांनी त्याच्याच एका अंकाचं मुखपृष्ठ वर धरलं: एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांनी धरलेलं बाईचं तुटलेलं मुंडकं. हे सुरुचीत बसतं का, असा प्रश्न आला. भयकथांच्या अंकाला बसतं, गेन्स म्हणाला, आणि मुंडकं आणखी वर धरून मानेतून गळणारं रक्त दाखवलं असतं तर ते वाईट झालं असतं, असंही सांगून बसला. त्या एका उत्तराने तो हरला. ऑक्टोबरपर्यंत प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता घालून घेतली. अंकाच्या नावात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द चालणार नाहीत, पिशाच्चं आणि चालती प्रेतं चालणार नाहीत, असं ठरलं. गेन्सची भयकथांची मासिकं बंद पडली.

या कॉमिक्सविरोधी चळवळीला बळ दिलं ते मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांच्या त्याच वर्षी आलेल्या पुस्तकाने. माझ्यासारख्या वाचकांना वर्दमना खलनायक ठरवायची सवय आहे. मीही ठरवत असे. पण १९४६ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना उघडला होता. फी २५ सेंट, तीही जमली तर. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली. मुलांची त्यांना खरी काळजी होती. आणि तरीही, त्यांची कागदपत्रं २०१० मध्ये अभ्यासाला खुली झाली तेव्हा कॅरल टिली या संशोधक बाईंना दिसलं की मुलांच्या बोलण्यात वर्दमनी फेरफार केले होते, काही मुलांची वयं बदलली होती, गैरसोयीचं ते गाळलं होतं. भल्या माणसाच्या हातून हे झालं, म्हणून मला ते जास्त सलतं. त्यांच्यासमोर बसलेल्या पोराला त्यांनी नीट ऐकलं असतं तर?

आचारसंहिता कुठवर पोचली ते एका चौकटीवरून दिसतं. १९५३ मध्ये गेन्सच्याच मासिकात ‘जजमेंट डे’ नावाची विज्ञानकथा आली होती. अल फेल्डस्टीनची कथा, जो ऑर्लँडोची चित्रं. एका ग्रहावर नारिंगी आणि निळे यंत्रमानव राहतात. घडण एकच, रंग वेगळा, म्हणून निळ्यांच्या वाट्याला हलकी कामं आणि वेगळी वस्ती. पृथ्वीवरून आलेला तपासनीस सगळं बघतो आणि सांगतो, तुम्ही अजून आमच्यात सामील व्हायला लायक नाही. मग यानात बसतो, शिरस्त्राण काढतो, आणि शेवटच्या चौकटीत आपल्याला पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसतो. तो कृष्णवर्णीय आहे, कपाळावर घामाचे थेंब चमकताहेत. १९५६ मध्ये ही कथा पुन्हा छापायची ठरली तेव्हा संहितेच्या अधिकाऱ्याने तो माणूस कृष्णवर्णीय नको म्हणून अडवलं. एकही मुंडकं नसलेली, एक थेंब रक्त नसलेली कथा! गेन्सने ती होती तशीच छापली. तो त्याचा शेवटचा कॉमिक्सचा अंक ठरला.

१९९३ मध्ये तेच नाटक व्हिडिओ गेमबाबत झालं. ९ डिसेंबरला सिनेटर लीबरमन यांनी ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ समोर ठेवले. ‘नाइट ट्रॅप’मध्ये मुलींवर हल्ला करणाऱ्यांना सापळ्यात पकडून मुलींना वाचवायचं असतं. सुनावणीत मात्र मुलींना मारणं हाच खेळ, असं चित्र उभं राहिलं. निष्पन्न झालं ते बरंच झालं म्हणायचं: १९९४ पासून अमेरिकेत गेमवर वयोगटाचा शिक्का आला. माझे वडील तेच काम माणूस ओळखून करत.

इथवर मी वाचकांच्या, खेळणाऱ्यांच्या बाजूने ठाम उभी होते. पुढचं लिहिताना हात जड होतो.

२०१२ मध्ये अनिता सार्कीशियन या समीक्षक बाईंनी गेममधल्या स्त्रीचित्रणावर व्हिडिओंची मालिका करायची म्हणून लोकांकडे ६,००० डॉलर मागितले. जमले दीड लाखांहून जास्त. त्या बंदी मागत नव्हत्या. वर्दमच्या पंगतीत त्यांना बसवायचं काही कारण नव्हतं. पण त्यांच्यावर शिव्या, बलात्काराच्या धमक्या यांचा मारा झाला, आणि एकाने त्यांच्यावर एक गेमच बनवला. पडद्यावर त्यांचं छायाचित्र. क्लिक केलं की चेहऱ्यावर वळ उठतो, पुन्हा केलं की रक्त. गेमने कुणाचं काही बिघडत नाही, असं जन्मभर सांगणाऱ्या आमच्यातल्याच कुणीतरी एका जिवंत बाईला दुखवायला हत्यार म्हणून गेमच निवडला.

ऑगस्ट २०१४ मध्ये हे लोण पसरलं. गेम बनवणाऱ्या झोई क्विन यांनी ओळखीतून आपल्या गेमचं अनुकूल परीक्षण छापून आणल्याचा आरोप झाला. असं परीक्षण लिहिलंच गेलं नव्हतं. तरी त्यांचे पत्ते-फोन चव्हाट्यावर आले, घर सोडून राहावं लागलं. ऑक्टोबरमध्ये युटाच्या विद्यापीठात सार्कीशियन यांचं भाषण होतं. त्या आल्या तर गोळीबार करून कत्तल करू, असा ईमेल आला. त्या राज्याच्या कायद्यामुळे परवानाधारकांना सभागृहात बंदुका आणायला मनाई करता येत नव्हती, म्हणून त्यांनी भाषण रद्द केलं. मुंडक्याच्या चित्रासाठी टीव्हीवर सुनावणी भरली होती. इथे मात्र किती जण म्हणाले, मनावर काय घेता, नुसते शब्द आहेत.

हे वाक्य मीही ऐकलेलं आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाचा ऑनलाइन खेळ मुलांना आत्महत्या करायला लावतो, ही भीती घरोघर पोचली होती. पुढे जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की तपासलेल्या घटनांमध्ये त्या खेळाचा हात सिद्ध झालेला नाही. त्या धामधुमीत एका कॉलेजने मला भयकथा आणि मुलं यावर बोलायला बोलावलं. मी भयकथेची बाजू मांडली. शेवटी म्हणाले की अनेक हॉरर गेममध्ये पहिलं प्रेत बाईचं असतं आणि कॅमेरा तिच्या अंगावर रेंगाळतो, यावर आपण चाहत्यांनीच बोललं पाहिजे. तेवढाच तुकडा कापून फिरवला गेला. फोनवर मेसेज सुरू झाले. अकराव्या दिवशी रात्री एक फोटो आला. आमचं फाटक. हिरवा रंग, दुसरा गज तुटलेला आणि मी स्वतः तारेने बांधलेला. खाली काहीही लिहिलेलं नव्हतं.

धारपांच्या कथेत असा फोटो आला असता तर मी अंगठा घालून पुस्तक मिटलं असतं. इथे मिटायचं काय? मी दिवे घालवून स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले, उजाडेपर्यंत. ज्या ठाण्यात गेले तिथल्या हवालदाराने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “यात केलंय काय त्यानं?” बाईचा पाठलाग हा २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. तरी मला तिथे उभं राहून समजावावं लागलं की त्या तारेचा पीळ दिसतोय म्हणजे तो माणूस फाटकापासून हातभर अंतरावर उभा होता.

जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ या गेमचा दुसरा भाग आला. लॉकडाउनमुळे माझा भाचा माझ्याकडेच होता, एकोणीस वर्षांचा. पहिल्या भागातला जोएल त्याला बापासारखा वाटायचा. या भागात सुरुवातीलाच ॲबी नावाची बाई त्याला ठार मारते. भाचा जेवला नाही. मला त्याचा राग समजत होता. चांगल्या गोष्टीने असंच पोटात शिरलं पाहिजे. जगभर मात्र तो राग ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीवर निघाला. जिवे मारायच्या धमक्या आल्या, त्या तिने जुलैत सगळ्यांसमोर ठेवल्या. तिच्या नावाने फिरणारं असलंच एक चित्र भाच्याने मित्रांना पुढे पाठवलेलं मला दिसलं.

मी ओरडले नाही. कपाटातला जुना फोन काढला, चार्ज केला, आणि फाटकाचा फोटो त्याच्यासमोर धरला. त्याने तार ओळखली. “हा कुणी काढला?” त्याने विचारलं. मी सांगितलं, माहीत नाही, आजपर्यंत कळलेलं नाही. बराच वेळ तो फोटो बोटांनी मोठा-लहान करत राहिला. मग स्वतःचा फोन घेऊन आत गेला.

रात्री दोनच्या सुमारास त्याने माझं दार वाजवलं. तो खेळ अर्ध्यावर येतो तेव्हा खेळणाऱ्याला ॲबी व्हावं लागतं. तिचा बाप कसा गेला ते बघावं लागतं, तिच्या हातांनी दारं उघडावी लागतात.

“मावशी, आता मला तीच व्हायचंय. एकट्याने नाही जमणार. बसतेस?”

मी चष्मा घेतला आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.