मामाची जीप आणि ट्रॅक्टरचं काळीज

खर्डा म्हटलं की इतिहासवाल्यांना एकच गोष्ट आठवते. मार्च १७९५, मराठे विरुद्ध निजाम. हरल्यावर निजामाने ज्या किल्ल्याचा आसरा घेतला, तो सुलतानजी निंबाळकरांनी १७४३ साली बांधलेला किल्ला आजही गावात उभा आहे. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते मामांच्या गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या जीपबद्दल. हसू नका मंडळी, तिच्यातही पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे. आणि तो कोणी वाचला नाही म्हणून ती भंगारात निघाली होती!

लक्षण असं: घाटात जीप झकास चालते. सपाट रस्त्यावर मात्र पन्नासच्या पुढे गेली की अडखळते. जोर जातो, येतो, पुन्हा जातो, जणू कोणी मागून दोरी ओढतंय. तीन वर्षांत नोझल बदलले, डिझेल पंप दोनदा उघडला, इंजिनाखालचे रबर बदलले. शेवटी एका मिस्त्रीने निकाल दिला की इंजिन संपलं. नवं इंजिन घालायची मामांची ऐपत नाही आणि कांदा जामखेडला न्यायला दुसरी गाडी नाही.

आता थोडं मागे जाऊ. महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी आली, उंच बॉनेटवाली. ते बॉनेट उंच का, तर खालचं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन उंच होतं. हे इंजिन पूर्ण ताकद देतं ४,००० आरपीएमला. बाकी सगळी गाडी त्याच आकड्याभोवती बेतलेली. मागच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टने ५.३८ वेळा फिरायचं.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला आणि पेट्रोल जीप म्हणजे पांढरा हत्ती ठरली. डिझेल स्वस्त होतं, पण गाडीत बसेल असं डिझेल इंजिन आणायचं कुठून? ट्रॅक्टरमधून! इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरची ट्रॅक्टर कंपनी महिंद्राच्याच गोतावळ्यातली, १९७७ मध्ये ती महिंद्रात विलीनही झाली. त्या ट्रॅक्टरचं इंजिन घातलेल्या डिझेल जीप कंपनीने स्वतः विकल्या. गावोगावच्या गॅरेजांनी तेच आपल्या पद्धतीने केलं: मध्ये एक जाड पट्टी टाकायची, बोल्ट आवळायचे, झालं काम. आजोबांच्या जीपमध्ये असंच एका जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन आलं.

गंमत अशी की ट्रॅक्टरला पळायचं नसतं, ओढायचं असतं. त्याच्या डिझेल पंपात गव्हर्नर असतो. ठरलेल्या आरपीएमच्या वर इंजिन जाऊ लागलं की तो डिझेल तोडतो, वेग उतरला की परत सोडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर रेट लिमिट.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मामेभावाने मागचं एक चाक जॅकवर उचललं. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण केली. दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे डिफरन्शियलचा हिशोब दुप्पट होतो, म्हणून उचललेलं चाक बरोब्बर दोनदा फिरवलं. शाफ्ट फिरला पाच वेळा आणि वर एक तृतीयांशाहून थोडा जास्त. मूळ ५.३८! इंजिन बदललं, बाकी कशाला हातच लावलेला नव्हता. मागून आणलेला टॅकोमीटर २,१०० च्या पुढे सरकेना. टायरचा घेर साधारण २.२ मीटर. गुणाकार-भागाकार केला तर टॉप गियरमध्ये वेग येतो ताशी ५१.५ किलोमीटर. पेट्रोलवाल्या ४,००० ला हाच आकडा ९८ होतो.

म्हणजे इंजिन आजारी नव्हतंच. गव्हर्नर इमानदारीत आपली ड्युटी करत होता आणि आपण त्याला रोगी समजून नोझल बदलत बसलो होतो.

"मग गव्हर्नरचा स्क्रूच ढिला करू की," मामा म्हणाले. नको! लांब स्ट्रोकचं, जड पिस्टनचं इंजिन ते, जास्त फिरवलं तर खरंच फुटेल. बरोबर उपाय क्राउन-पिनियन बदलण्याचा. जुन्या बाजारात ४.२७ चे दोन जोड मिळाले. दोन अशासाठी की फोर-व्हील लावताना पुढचा आणि मागचा हिशोब जुळला नाही तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात. खर्च पंपाच्या एका ओव्हरहॉलपेक्षा थोडा जास्त, नव्या इंजिनापुढे काहीच नाही.

आता तेवढ्याच २,१०० ला जीप ६५ गाठते आणि पन्नास-साठला गुळगुळीत चालते. फुकट काही मिळत नाही, टॉपमधली ओढ पाचव्या हिश्श्याने कमी झाली. कांदा भरून चढावर दुसरा गियर लवकर टाकावा लागतो, त्यावरून मामांची कुरकुर चालू असते.

आणि स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सकडून येते, त्यामुळे खऱ्या साठला काटा ४८ दाखवतो. त्याचा छोटा गियर बदलून देतो म्हटलं, तर मामा म्हणाले, "राहू दे रे, तुझ्या मामीला अठ्ठेचाळीसच बरे वाटतात."