तहसीलदार आणि मामलेदार

राज्यांच्या सीमा आखल्या जातात तेव्हा कचेरीत बसलेल्या माणसाचे काय होते, हा प्रश्न इतिहासकारांना फारसा पडत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. हैदराबाद राज्य तीन राज्यांत विभागले गेले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. विदर्भाचे आठ जिल्हेही आले. 1861 पासून राजधानी असलेल्या नागपूरचे ते पद गेले, आणि तेथील सचिवालयातले कोणी भोपाळला, तर कोणी मुंबईला निघाले.

मराठवाड्यातील अधिकाऱ्याची स्थिती अधिक अवघड होती. निजामाच्या राजवटीतले दफ्तर उर्दू, कित्येकांचे शिक्षणही उस्मानिया विद्यापीठात उर्दूतूनच झालेले. नव्या राज्यात तो तहसीलदार म्हणून आला, तर शेजारच्या खुर्चीवरचा मुंबईचा अधिकारी मामलेदार. काम बहुतांशी एकच. पण दोघांत ज्येष्ठ कोण?

त्यासाठी चार कसोट्या ठरल्या होत्या : कामाचे स्वरूप, अधिकार व कार्यक्षेत्र, किमान पात्रता आणि सर्वांत शेवटी पगार. कायद्याच्या 115व्या कलमाने अभयही दिले होते की, केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून सेवेच्या शर्ती कोणाच्या तोट्याच्या होणार नाहीत. मात्र 11 मे 1957 च्या पत्राने केंद्र सरकारने राज्यांना कळविले की, प्रवासभत्ता, शिस्त, खात्यांतर्गत बढती अशा बाबींत हे संरक्षण असणार नाही. बढती प्रवासभत्त्याच्या पंक्तीला बसली! वेतन शाबूत राहिले. पण कालपर्यंत आपल्या हाताखाली शोभला असता असा माणूस उद्या आपला साहेब होणार, ही टोचणी कोणत्या कलमात बसवावी?

मराठवाड्यातील तहसीलदारांनी ती अखेर न्यायालयापुढे मांडली. डेप्युटी कलेक्टरची श्रेणी साऱ्या राज्याची, बढती मात्र विभागवार यादीतून. त्यामुळे औरंगाबाद विभागातला ज्येष्ठ मागे राही आणि दुसऱ्या विभागातला कनिष्ठ पुढे जाई. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1973 मध्ये लागला. बढतीची संधी ही सेवेची शर्त नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. विभागवार बढती मात्र समान संधीच्या तत्त्वाला सोडून असल्याचे मानले. तोवर पुनर्रचनेला 17 वर्षे होऊन गेली होती, आणि राज्याचे नावही मुंबई राहिले नव्हते.