झुडपाच्या वेशातला माणूस

अमेरिकेतल्या जंगलांत झाडाच्या बुंध्याला बांधलेले ट्रेल कॅमेरे रात्रंदिवस पायवाटा टिपत असतात. अधूनमधून त्यांत एखादी आकृती सापडते: दोन पायांवर उभी, अंगभर केसांसारखे काही लोंबणारी, चेहरा नसलेली. लगेच तिला बिगफूटचे, म्हणजे दंतकथांतल्या केसाळ, माणसासारख्या प्राण्याचे नाव मिळते. पुढे कोणी म्हणते, हा तर कॅमफ्लाज, म्हणजे रानात मिसळून जाणारा वेश घातलेला शिकारी, आणि मग फसलेल्यांची टिंगल सुरू होते. ही टिंगल मला अन्यायाची वाटते. अशी गल्लत होण्यामागे बघणाऱ्याच्या भोळेपणापेक्षा दोन कारागिऱ्यांचे यश अधिक आहे. एका कारागिरीने माणसाचा आकार पुसायला शंभरहून अधिक वर्षे घालवली. दुसरीने तेवढाच काळ खर्चून जंगलातल्या छायाचित्रामागचा माणूस काढून टाकला. दोन्ही एकाच रानात भेटल्यावर साक्ष द्यायला कोणी उरत नाही.

पहिल्या कारागिरीचे मूळ स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आहे. तिथल्या जमीनदारांच्या रानांत हरणांचा माग काढणाऱ्या मदतनिसांना गिली म्हणत. गोणपाटाच्या चिंध्या, गवत आणि झुडपांच्या डहाळ्या अंगावर बांधून ते हरणांच्या जवळ सरकत. लॉर्ड लोव्हॅट यांनी 1900 मध्ये बोअर युद्धासाठी ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही तुकडी उभी केली तेव्हा याच माणसांना सैन्यात घेतले, आणि त्यांचा हा वेश, म्हणजे गिली सूट, रणांगणावर पोहोचला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लँगेम इथे हेस्केथ-प्रिचर्ड यांनी नेमबाजांची शाळा काढली. टेहळणीसाठी त्यांचा मोठा भरवसा याच स्काउटांवर होता. प्रिचर्ड यांचा आधीचा इतिहास इथे फार महत्त्वाचा आहे. पातागोनियातल्या एका गुहेत 1895 मध्ये प्रचंड आकाराच्या अस्वलसदृश स्लॉथचे कातडे सापडले होते. ते इतके ताजे दिसत होते की तो प्राणी अजून जिवंत असावा, असे नामांकित अभ्यासकांनाही वाटू लागले. ‘डेली एक्सप्रेस’ने 1900 मध्ये प्रिचर्डना त्याच्या शोधासाठी पाठवले. त्यांनी प्रदेश पालथा घातला, प्राण्याची खूण कुठेच मिळाली नाही, आणि परतल्यावर त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. कातडे थंड, कोरड्या गुहेमुळे टिकले होते. प्राणी हजारो वर्षांपूर्वीच नष्ट झाला होता. गूढ प्राणी शोधायला गेलेला आणि प्रामाणिकपणे रिकाम्या हातांनी परतलेला हा माणूस पुढे सैनिकांना अदृश्य व्हायला शिकवू लागला. या विषयाच्या दोन्ही बाजू एकाच आयुष्यात पाहिलेला दुसरा कोणी मला ठाऊक नाही.

युद्धानंतर ही विद्या शिकाऱ्यांकडे परतली, ती बाजारपेठ घेऊन. अमेरिकेत 1980 मध्ये ‘ट्रेबार्क’ आणि 1986 मध्ये ‘रिअलट्री’ व ‘मॉसी ओक’ यांनी सालीची, पानांची, फांद्यांची छपाई असलेले कपडे विकायला आणले. बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याने भडक नारिंगी घालावे, अशी अनेक राज्यांत सक्ती असते. धनुर्धाऱ्यांच्या हंगामात ती बहुधा नसते, शिवाय बाण लागायला हरीण अगदी जवळ यावे लागते. म्हणून पहाटेच्या अंधारात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसे रानात शिरतात, आणि नेमक्या त्याच वाटांवर कॅमेरे लावलेले असतात.

कॅमेऱ्याची परंपराही जुनी आहे. पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉर्ज शायरस यांनी वाटेवर दोरी ताणून हरणाकडूनच त्याचे छायाचित्र काढवून घेतले. त्यांची 74 छायाचित्रे ‘नॅशनल जिओग्राफिक’ने जुलै 1906 मध्ये छापली. आपल्याकडे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याच रीतीने वाघ टिपले. त्यांचे पुस्तक 1927 मध्ये आले. आज दोरीच्या जागी उष्ण शरीराची हालचाल ओळखणारा सेन्सर आहे आणि झगझगाटाऐवजी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. मात्र शायरस आणि चॅम्पियन त्या रानात वावरत होते. कुठली दोरी कुणी ओढली असेल, याचा त्यांना अंदाज असे. आताचा कॅमेरा आठवडेच्या आठवडे एकटा असतो, आणि चित्र पाहणारा कित्येकदा ते रान कधी न पाहिलेला.

कॅमफ्लाजची छपाई तर ओळखता येतेच ना, असा आक्षेप कोणी घेईल. दिवसा येते, पण रात्रीची गोष्ट वेगळी. कापडाचे अनेक रंग दृश्य प्रकाश शोषतात, अवरक्त प्रकाश मात्र परतवतात. त्यामुळे छापलेली पाने पुसट होतात आणि कपडा फिकट, एकसंध दिसतो. लष्करी गणवेशांना यासाठी खास रंग वापरावे लागतात; बाजारातल्या शिकारी कपड्यांत ते सहसा नसतात. त्यात अंधारामुळे शटर जास्त वेळ उघडे राहते आणि चालणारी आकृती फरफटल्यासारखी उमटते. हरणाचे डोळे परावर्तनाने चमकतात, माणसाचे तसे चमकत नाहीत. तोंडावर जाळी असेल तर चेहराच नाहीसा. वाघाशी तुलना करा. गवतात त्याला लपवणारे पट्टेच कॅमेऱ्यापुढे त्याची ओळख ठरतात. भारताच्या 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावून पट्ट्यांवरूनच एकेक वाघ वेगळा ओळखला गेला. शिकाऱ्याचे पट्टे दुकानातून घेतलेले असतात. ते त्याला लपवतात, पण त्याची ओळख सांगत नाहीत.

सगळीच छायाचित्रे माणसांची असतात, असे मी म्हणत नाही. पेनसिल्व्हेनियात 2007 मध्ये गाजलेल्या चित्रातला प्राणी खरजेने केस झडलेले अस्वल आहे, असे तिथल्या वन्यजीव खात्याने सांगितले, आणि ते पटण्यासारखे आहे. मुद्दाम फसवणारेही असतात. कॅन्ससमधल्या गार्डनर शहरात 2016 मध्ये पोलिसांनी प्यूमाच्या शोधासाठी बागेत कॅमेरे लावले, तर त्यांत गोरिलाच्या वेशातली माणसे आली. ते निरुपद्रवी होते. मोंटानात 2012 मध्ये मात्र बिगफूट दिसल्याचा भास निर्माण करायला गिली सूट घालून महामार्गावर उतरलेला एक माणूस गाड्यांखाली सापडून मेला. चालकांना तो दिसलाच नाही. सूटने आपले काम चोख केले होते.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की अशा कॅमेऱ्यांनी खरोखर नवे प्राणी दाखवले आहेत. हे खरे आहे. टांझानियातल्या उद्झुंग्वा पर्वतात 2005 मध्ये करड्या तोंडाची एक मोठी सेंगी, म्हणजे लांब नाकाचा छोटा सस्तन प्राणी, प्रथम कॅमेऱ्यात दिसली. पण तेवढ्यावर कोणी तिला नवी जात म्हटले नाही. अभ्यासक पुन्हा रानात गेले, नमुने मिळवले, मोजमापे घेतली, आणि 2008 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. विचित्र आकृती मिळाल्यावर हाच रस्ता धरायला हवा. आधी शिकारीच्या हंगामाचे वेळापत्रक पाहावे. मग त्याच जागी, त्याच कॅमेऱ्यापुढे, रात्रीच्या त्याच वेळी माहितीतल्या उंचीचा माणूस कॅमफ्लाज घालून उभा करावा आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. एवढे केल्याशिवाय कोणतेही चित्र अज्ञात प्राण्याचा पुरावा म्हणून स्वीकारू नये.